दिल्लीच्या अंगणातील बैठक

महाराष्ट्रातून दिल्लीला राहावयास आलेल्या माणसाला अंगणाची खरी किंमत कळते ती पहिल्या हिवाळ्यात. पौष महिना असतो. चारपाच दिवस धुक्यामुळे सूर्याचे दर्शन झालेले नसते. घरातली फरशी पायाला झोंबत असते, दुलईतून हात बाहेर काढणे जिवावर येते. आणि मग एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास धुके विरळ होत जाते व कोवळे, पिवळे ऊन अंगणात उतरते. त्यासरशी सारी गल्ली घराबाहेर येते. कोणी मटार सोलीत बसते, कोणी विणकाम काढते, कोणी वर्तमानपत्र उलगडते. आणि म्हातारी माणसे उन्हाकडे पाठ करून, डोळे मिटून, काही न करता नुसती बसतात. आपल्याकडे ऊन ही टाळण्याची गोष्ट आहे; इथे वर्षातून दोन महिने ती सेवन करण्याची गोष्ट होते.

पण बसायचे म्हटले की प्रश्न येतो : बसायचे कशावर? हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता, आणि त्या समजुतीची शिक्षा मला नव्हे, माझ्या आईला भोगावी लागली. म्हणूनच आज आपल्याशी या विषयावर चार शब्द बोलावेत असे मी ठरविले.

हकीकत अशी. पश्चिम दिल्लीतील आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला लहानसे अंगण आहे. आई वाईहून कायमची आमच्याकडे राहावयास आली, त्या दिवाळीत मी एका दुकानातून चार खुर्च्या आणि एक मेज असा संच आणला. लोखंडी नळीचा सांगाडा, त्यावर वेताची वीण आणि वर चकचकीत रोगण. दुकानदार म्हणाला, "बाहेर ठेवा, काही होणार नाही". आणि मी ते खरे मानले. पहिला हिवाळा छान गेला. पुढे उन्हाळे आले, वादळे आली, दोन पावसाळे येऊन गेले. खुर्च्या अंगणातच होत्या. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी आई नेहमीप्रमाणे उन्हात बसली आणि खुर्चीचा मागचा पाय जोडापाशी कटकन मोडला. वरचे रोगण बहुतेक शाबूत होते. आतली नळी मात्र गंजून कागदासारखी झाली होती. आईचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. यथाकाल तो बरा झाला. पण त्या वेळी ती जे बोलली ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. ती म्हणाली, "अरे, खुर्ची मोडली, हात मोडला, त्याचे काही नाही. पण आता मला उन्हात बसायची भीती वाटते."

दिल्लीत ज्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसायची भीती वाटू लागली, त्याचा हिवाळा चार भिंतींतच जायचा. तेव्हा मी या क्षुल्लक प्रश्नाच्या मागे जरा नेटाने लागलो. सुतारांशी बोललो, लोहारकाम करणाऱ्यांशी बोललो, कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात आणि पंचकुइयां रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानांत हिंडलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम दिल्लीच्या हवेचा विचार करू. येथील सफदरजंग वेधशाळेच्या नोंदींत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद आहे, आणि १६ जानेवारी १९३५ रोजी तेच तापमान शून्याखाली ०.६ अंशावर उतरले होते. हे झाले टोकाचे आकडे. अलीकडचेच उदाहरण घ्यावयाचे तर २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. आणि त्यानंतर पुरता महिना उलटण्यापूर्वी, २८ जूनच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, त्याच ठिकाणी २२८.१ मिलिमीटर पाऊस पडला. दिल्लीत वर्षाकाठी सरासरी पाऊण मीटरच्या थोडा वरच पाऊस पडतो. त्यातला पाव हिस्सा आणि थोडा अधिक एका रात्रीत कोसळला. अंगणात ठेवलेल्या खुर्चीने महिन्याच्या आत भट्टीही पाहिली आणि पूरही पाहिला. पुढे डिसेंबर-जानेवारीत रोज पहाटे तिच्यावर दव पडावयाचे, ते वेगळेच.

आता कोणी म्हणेल, मुंबईत आणि कोकणात याच्या तिप्पट पाऊस पडतो. तरी तेथील घरांची लाकडे पिढ्यानपिढ्या टिकतात, ती कशी? या प्रश्नातच आपल्या विषयाचे मर्म आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्या कमानदार छताला बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दुसरे उदाहरण समुद्रावरचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कसबी माणसांनी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिची मोठी डागडुजी झाली हे खरे. तरी तिचे बरेचसे मूळ लाकूड अद्याप कायम आहे.

ही दोन लाकडे दोन टोकांच्या परिस्थितीत राहिली. एक डोंगराच्या पोटात, जेथे ऊनही पोहोचत नाही आणि पाऊसही. दुसरे आयुष्यभर पाण्याच्या संगतीत. पण दोघांचे एक सामाईक भाग्य असे की, त्यांच्या वाट्याला आलेली स्थिती फारशी बदलत राहिली नाही. लाकडाचा खरा वैरी पाणी नव्हे आणि ऊनही नव्हे; आज ओले, उद्या वाळलेले, परवा पुन्हा ओले, ही ओढाताण त्याचा वैरी आहे. आणि दिल्लीचे हवामान म्हणजे ही ओढाताणच. मे महिन्यातल्या दुपारी येथील हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, तर श्रावणात ती ऐंशीच्या वर असते.

या ओढाताणीत लाकडाचे काय होते ते पाहू. लाकूड हवेतील ओलावा पिऊन फुगते आणि कोरड्या हवेत तो टाकून आकसते. पण हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ होतच नाही. रुंदीत मात्र चांगले जाणवते. मीटरभर रुंदीचा एकसंध सागवानी तक्ता दिल्लीच्या ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत सेंटिमीटरभर तरी वाढू शकतो. आणि साग हे तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक मानले जाते. अशा तक्त्याला चारी बाजूंनी खिळे ठोकून जखडले, तर वाढायला जागा नसल्याने तो वाकतो किंवा फाटतो. म्हणून अंगणातल्या मेजाचा वरचा भाग आणि बाकाची बैठक सलग तक्त्याची न घेता अंतर सोडून बसविलेल्या पट्ट्यांची घ्यावी. पट्ट्यांमधल्या फटी शोभेसाठी नसतात. लाकडाला हलायला आणि पाण्याला निथळायला त्या वाट देतात.

लाकूड कोणते घ्यावे, या प्रश्नाला आपण मराठी माणसे चटकन 'साग' असे उत्तर देतो, आणि ते बरोबर आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. दिल्लीच्या लाकूडबाजारात गेल्यावर एक शब्द कानी पडला आणि मला परगावी गाववाला भेटल्यासारखे झाले. तो शब्द 'सी. पी. टीक'. सी. पी. म्हणजे जुना मध्य प्रांत. तो प्रांत नकाशावरून जाऊन कैक वर्षे झाली. पण आपल्या चंद्रपूर, बल्लारशा, गडचिरोलीकडच्या सागाला दिल्लीचा व्यापारी अजून त्याच नावाने मान देतो. २०२३ साली खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच आले.

तथापि साग या नावावर डोळे मिटून पैसे टाकू नयेत. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो; सालीलगतचे फिकट, पांढुरके लाकूड सागाचेच असले तरी त्याला वाळवी लागते आणि ते कुजते. लवकर वाढविलेल्या कोवळ्या झाडांत हे पांढरे लाकूड जास्त निघते, आणि गडद रोगणाखाली ते सहज लपते. म्हणून वस्तू उलटी करून तिची खालची, रोगण न लावलेली बाजू पाहावी. सोनेरी-तपकिरी रंग दिसला तर ठीक. पांढरे पट्टे दिसले तर पुढच्या दुकानाची वाट धरावी. आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. उघड्यावर ठेवलेला साग वर्ष-दोन वर्षांत रुपेरी, करड्या रंगाचा होतो. ते कुजणे नव्हे. उन्हाने वरचा पातळ थर तेवढा विटतो. आतले लाकूड जसेच्या तसे राहते. माणसाचे केस पिकले म्हणून त्याची हाडे पिकली असे आपण म्हणत नाही.

उत्तर हिंदुस्थानात शीशमची फार चलती आहे. आपल्या शिसवीचे हे भावंड. त्याचा गाभा कणखर, वाळवीला दाद न देणारा आणि दिसायला देखणा असतो. पण उघड्या उन्हापावसात तो सागापेक्षा लवकर तडकतो. त्याची जागा ओसरीत, डोक्यावर छप्पर असेल तेथे. आंब्याच्या स्वस्त लाकडाच्या वस्तू तर घराबाहेर नेऊच नयेत.

लाकडाइतकेच महत्त्व त्याच्या जोडाला आहे. सहारनपूरकडचे एक वृद्ध मिस्त्री आमच्या भागात काम करतात. मी त्यांना विचारले, "मिस्त्रीजी, बाहेरची खुर्ची टिकते कशावर?" ते म्हणाले, "साहेब, जोडाला दोनदा विचारावे लागते. एकदा जेठात आणि एकदा सावनात. दोन्ही वेळा जो जागचा हलत नाही, तो खरा जोड." खोबणीत कुसू बसवून, त्यातून आडवी लाकडी खुंटी ठोकलेला जुना जोड या परीक्षेला उतरतो, कारण त्यात लाकूड लाकडाला धरते आणि दोघे बरोबरच हलतात. नुसत्या सरसावर किंवा लोखंडी खिळ्यांवर भिस्त ठेवलेला जोड एका पावसाळ्यात सैल होतो. शिवाय ओल्या सागाशी लोखंडाचा संबंध आला की तेथे काळे डाग पडतात. स्क्रू लावायचेच असतील तर ते पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत.

आता धातूकडे वळू. लोखंडाची खुर्ची गंजते हे सर्वांना ठाऊक आहे; ती कोठून गंजते हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मलाही ते आईच्या खुर्चीने शिकविले. बंद नळीच्या सांगाड्यात एखाद्या बारीक फटीतून पाणी शिरते आणि मग त्याला बाहेर यायला वाट मिळत नाही. बाहेर रंग असतो, आत काहीच नसते; त्यामुळे गंज आतून खात बाहेर येतो, आणि तो डोळ्यांना दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पहिला घाव बहुधा झाळलेल्या जोडावर पडतो, कारण तेथे रंग नीट धरलेला नसतो. पाऊस नसेल तेव्हा हिवाळ्यातले दव हेच काम गुपचूप करीत असते. रात्री धातू भराभर निवतो आणि पहाटे त्याच्यावर पाण्याचे थेंब धरतात. म्हणून लोखंड घ्यावयाचे असेल तर ते जस्ताचा मुलामा दिलेले, त्यावर भट्टीत भाजून रंग बसविलेले, म्हणजे ज्याला पावडर कोटिंग म्हणतात तसे, आणि नळीच्या पायांना तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्र ठेवलेले असावे. भरीव सळईचे काम असेल तर अधिक चांगले.

ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही आणि वजनालाही हलके असते. बाजारात लोखंडी नळीवर रंग देऊन ती ॲल्युमिनियम म्हणून विकणारे भेटतात. यावर उपाय सोपा आहे. खिशात लहानसा लोहचुंबक ठेवावा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. मात्र उन्हाळ्यात कोणताही धातू भर दुपारी हात लावू देत नाही. लाकूडही तेवढेच तापलेले असू शकते, पण त्याच्यातून उष्णता आपल्या कातडीकडे सावकाश येते. धातूतून ती एकदम धावत येते. लहान मुले आणि वृद्ध माणसे ज्या घरात असतील, तेथे हात टेकण्याची जागा तरी लाकडी असावी.

प्लॅस्टिकच्या खुर्चीची गोष्ट अशी की, ती पाण्याला भीत नाही, पण उन्हाला भिते. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. रंग विटतो, अंगावर खडूसारखी भुकटी धरते, आणि खुर्ची ठिसूळ होते. अशा खुर्चीवर नख ओढून पाहावे. पांढरी पूड निघाली तर तिच्यावर कुंड्या ठेवाव्यात, माणसे बसवू नयेत. हल्ली वेतासारखी दिसणारी कृत्रिम वीण मिळते. ती चांगल्या प्रतीची असेल व आतला सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल, तर उघड्यावरही बरीच वर्षे काढते. खरा वेत मात्र बाहेर ठेवू नये. उन्हाने तो कडक होऊन तुटतो आणि पावसाने त्याला बुरशी येते.

सर्वांत चिवट बैठक अर्थातच दगडाची. लाल वालुकाश्माचा किंवा कोट्याच्या फरशीचा बाक अंगणात एकदा बसविला की मालकापेक्षा जास्त जगतो. पण जानेवारीत तो बर्फ होतो आणि जूनमध्ये तवा. त्यावर सतरंजी अंथरल्याखेरीज कोणी बसत नाही.

इतके सारे पाहिल्यावर माझ्या मनात एक शंका आली. उन्हात टिकावे, पावसात टिकावे, दवात टिकावे आणि शिवाय बसायला सुखाचे व्हावे, अशी सर्वगुणसंपन्न वस्तू आपण शोधतो आहोत. पण या शहरात तर हजार वर्षे माणसे उघड्यावर बसत आली आहेत. ती कशावर बसत होती?

याचे उत्तर चौदाव्या शतकातल्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे. महंमद तुघलकाच्या दरबारात दिल्लीचा काजी म्हणून राहिलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाला येथील खाटेचे मोठे नवल वाटले. ती इतकी हलकी की एकटा माणूस उचलून नेतो. चार पाय, चार आडव्या काठ्या आणि मध्ये विणलेल्या दोऱ्या, एवढाच तिचा प्रपंच, असे वर्णन तो करतो. आपल्याकडे हिलाच बाज म्हणतात. ऊन सरकले की बाज सरकते, पाऊस आला की ती भिंतीला उभी राहते. तिची धाकटी बहीण म्हणजे मूढा. दिल्लीहून मुरादाबादकडे जाताना गंगेच्या काठी गढमुक्तेश्वर लागते. तेथे रस्त्याच्या कडेला मूढ्यांच्या राशी रचलेल्या दिसतात. सरकंडा नावाच्या बोरूसारख्या उंच गवताचे दांडे तिरपे एकमेकांत गुंतवून, मुंजीच्या दोरीने आवळून, डमरूच्या आकाराची ही बैठक तयार होते. ज्या मुंज गवताच्या मेखलेवरून आपल्याकडे व्रतबंधाला 'मुंज' हे नाव पडले, तेच हे गवत. बुडाला पुष्कळदा जुन्या टायरची पट्टी बांधलेली असते, म्हणजे गवताचे तोंड ओल्या जमिनीला टेकत नाही. मूढा पावसात ठेवला तर फार दिवस जगणार नाही; पण तो पावसात ठेवण्यासाठी केलेलाच नाही. तो एका हाताने उचलून आत नेण्यासाठी केलेला आहे.

येथे मला माझी चूक उमगली. मी एकाच वस्तूकडून दोन कामांची अपेक्षा केली होती. खरे म्हणजे अंगणातल्या बैठकीच्या दोन जाती आहेत : एक बाहेर राहणारी आणि दुसरी ये-जा करणारी. बाहेर राहणारी जड, भक्कम, सागाची किंवा दगडाची असावी. ये-जा करणारी हलकी, स्वस्त, मूढ्यासारखी असावी. या दोहोंच्या मधली, म्हणजे उचलायला जड आणि बाहेर राहायला दुबळी, अशी वस्तू विकत घेऊ नये. बाजारात मात्र बहुतेक वस्तू नेमक्या या मधल्या जातीच्या असतात, आणि माझ्या खुर्च्या त्यांपैकीच होत्या.

गुरुग्राम किंवा नोएडा येथील उंच इमारतींत राहणाऱ्यांना तर हा विवेक अधिकच आवश्यक आहे. ३० मे २०२२ रोजी दिल्लीत असे वादळ झाले की, सफदरजंगला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंत गेला आणि जामा मशिदीच्या मधल्या घुमटावरचा कळस मोडला. अशा वाऱ्यात पंधराव्या मजल्यावरच्या सज्जातली हलकी खुर्ची खाली कोणाच्या डोक्यावर जाईल, याचा नेम नाही. तेथे हलकी वस्तू रात्री आत घ्यावी, नाही तर कठड्याला बांधावी.

आणखी एक गोष्ट चंडीगडकडून शिकण्यासारखी आहे. १९५० नंतर ते नवे शहर वसविले जात असताना पिएर जानरे या वास्तुशिल्पज्ञाने तेथील कचेऱ्यांसाठी साग आणि वेत यांच्या खुर्च्यांचे आराखडे केले. पुढे त्या जुन्या झाल्या, अडगळीत गेल्या, गच्च्यांवर आणि आवारांत त्यांचे ढीग पडले. वेत तुटले, सागाचे सांगाडे बहुतांशी टिकले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या कवडीमोलाने नेल्या, नवा वेत विणला आणि लिलावात त्यांना अफाट किंमत आली. अखेर २०११ साली सरकारला अशा वस्तूंच्या विक्रीला आळा घालणारा आदेश काढावा लागला. यातला धडा पैशाचा नाही. त्या खुर्च्यांत जे लवकर झिजणारे होते ते बदलता येण्यासारखे होते, आणि जे बदलता येण्यासारखे नव्हते ते न झिजणारे होते. कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे : यातला कोणता भाग आधी जाईल, आणि तो कोण बसवून देईल? उत्तर मिळाले नाही तर वस्तू कितीही स्वस्त असो, ती महागच. दिल्लीकर म्हणतात, 'सस्ता रोए बार-बार, महँगा रोए एक बार.' मी मात्र स्वस्ताला एकदाच रडलो, आणि तेवढे पुरे झाले.

निवड झाल्यावर निगा येते. तिला वर्षातले दोन दिवस पुरतात. पहिला ज्येष्ठात, पाऊस येण्यापूर्वी, दुसरा दसऱ्यानंतर. धूळ आधी पाण्याने धुवावी. कोरड्या फडक्याने पुसली तर ती काचकागदासारखी पृष्ठभाग घासते. सागाला चकचकीत रोगण देऊ नये, कारण उन्हाने ते पापुद्र्यांनी सुटते आणि पुन्हा देताना सारे खरवडावे लागते. त्याऐवजी तेलाचा हात फिरवावा. पायांच्या तळाची तोंडे विशेष भिजवावीत, कारण आडवे कापलेले लाकूड पाणी नळीसारखे वर ओढते; आणि पायांखाली दगडाची चकती ठेवावी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. लोखंडावर रंगाचा टवका उडालेला दिसला तर त्याच दिवशी तेथे घासून रंग लावावा. आणि वृद्धांच्या खुर्चीवर दर हिवाळ्याच्या आरंभी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने आधी बसून, थोडे हलून पाहावे. आमच्या घरी तो मान माझा आहे.

एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हे बोलणे पुरे होणार नाही. आज दिल्लीच्या हिवाळ्यात असे कैक दिवस येतात की, ऊन असते, बैठक असते, पण हवा श्वास घेण्याजोगी नसते. अशा दिवशी आम्ही सकाळी हवेचा निर्देशांक पाहतो आणि आईला दार लावून आत बसवतो. खुर्ची टिकाऊ करणे सुताराच्या हाती आहे. हवा टिकविणे कोणा एकाच्या हाती नाही.

आमच्या अंगणात आता त्या मिस्त्रींनी केलेली सागाची एक खुर्ची आहे. रुंद हात, पट्ट्यांची बैठक, खुंट्यांचे जोड. तिचा रंग करडा झाला आहे. तिच्याभोवती गढमुक्तेश्वरचे चार मूढे असतात. त्यांतला एक दर दोनतीन वर्षांनी बदलावा लागतो. पहिले काही दिवस आई खुर्चीजवळ येऊन नुसती उभी राहत असे. मग एके दिवशी तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून ती जोराने हलवून पाहिली. खुर्ची हलली नाही. "ही बरी आहे," ती म्हणाली, आणि उन्हाकडे पाठ करून बसली. यंदा त्या खुर्चीचा सहावा हिवाळा.